साखळीचं पुढे काय

१२ जानेवारी २००७, शुक्रवार

सकाळपासून भारनियमन. कारखान्यात इन्व्हर्टरवर एक संगणक आणि एक पंखा. पंखा कामगारांना दिला, मी पुठ्ठ्याने वारा घेतेय. श्रीधर म्हणतो, यंदा मोहोर बरा आहे. दर जानेवारीत आमचे हे हेच म्हणतात आणि मेमध्ये आमरसाचे डबे भरायची वेळ आली की कपाळाला हात लावून बसतात.

दुपारी परेश आला. दुकान बंद करून आला म्हणजे काहीतरी आहे हे कळलंच. मारुती मंदिराजवळ त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. वीज नसली तरी हा बाहेर स्टूल टाकून बसतो, पण बंद करत नाही. श्रीधरचा शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे मी 'वहिनी' आणि तो 'परेशभाऊ'. साखळी, म्हणजे आमचा संगणकावरचा प्रोग्रॅम, आम्ही दोघांनी मिळून लिहिली, त्यालाही आता पाच-सहा वर्षं होतील, पण अरे-तुरेवर कोणी आलं नाही. (नव्या डायरीत माणसांची ओळख करून द्यायची माझी जुनी खोड.)

तर, पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलंय त्याला. त्यांना साखळी हवी आहे. परेशही हवा आहे. दोन्ही एकत्र.

"वहिनी, तुम्हाला काय वाटतं?"

"तुम्हाला काय वाटतं, परेशभाऊ?"

मग चहा प्यायलो. तो गेला.

१३ जाने., शनि.

श्री.ला सांगितलं. पेपर खाली न घेता म्हणाला, "जे फुकट आहे ते विकत घेणार म्हणजे नक्की काय घेणार?"

प्रश्न वाईट नाही. साखळी सुरू झाली ती याच्याच कारखान्यात. आंबा आला, निवडला, पिकत घातला, गर काढला, डबा भरला, झाकण बसलं, गाडीत गेला. दर टप्प्यावर एक माणूस, आणि दर माणूस म्हणणार, "माझ्याकडून कधीच गेलंय." म्हणून आम्ही असं काहीतरी लिहिलं की एकाचं काम झालं की ते आपोआप पुढच्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहावं, आणि अडलं तर कुणापाशी अडलंय ते सगळ्यांना दिसावं. पहिल्या सीझनला दोन माणसं सोडून गेली, इतकं चांगलं दिसत होतं. पुढे ते इंटरनेटवर ठेवून दिलं. कोणीही घ्या, वापरा, बदला. बदललंत तर तेही असंच उघडं ठेवा, एवढीच अट.

श्री.ला म्हटलं, "आमरसाच्या कृतीसारखं समज. आजवरची कृती सगळ्यांना माहीत आहे, ती काही कोणी परत घेऊ शकत नाही. यापुढची कृती त्यांना झाकून ठेवायची आहे. त्याला मूळ लिहिणाऱ्या दोघांची सही लागते."

"म्हणजे तुझीपण."

"माझीपण."

"मग सांग की त्याला सरळ काय ते."

सरळ! याच्यासारखी सगळी माणसं असती तर साखळी लिहायची वेळच आली नसती.

१६ जाने., मंगळ.

परेशकडे हळदीकुंकू. त्याची आई गेल्यानंतर त्या घरातलं हे पहिलंच. म्हातारी फार वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि सगळं शलाकाने केलं. परेशची बायको ही, शिकलेली फिजिओथेरपिस्ट. आता पुढच्या खोलीत दोन खाटा टाकून पेशंट बघते. दुखरे गुडघे आणि अंगणात घसरलेल्या म्हाताऱ्या.

वाण म्हणून चहाची गाळणी. माझ्या हातात तिळगूळ ठेवताना खांद्याला बोट लावून म्हणाली, "ताई, तुम्ही खांदा कानाला लावून टाइप करता, होय ना?" खरं होतं. बायका हसल्या. तिने तिथेच भिंतीला टेकवून दोन व्यायाम शिकवले.

प. स्वयंपाकघराच्या दारातून खुणेने विचारत होता, 'विचार केलात का?' मी खुणेनेच म्हटलं, 'चाललाय.' विचार चाललाय म्हणजे काय, तर मला झोप येत नाही. साखळी गेली तर माझ्याकडे काय राहतं? लग्न होऊन सांगलीहून आले ती डिग्री ट्रंकेत घालून. कारखाना श्री.चा, घर सासऱ्यांचं, बाग दिरांची. साखळी तेवढी माझी. अर्धी का होईना.

२७ जाने., शनि.

हर्णेला जाऊन आलो, प. आणि मी. एसटीने हाडं खिळखिळी झाली. तिथल्या मच्छीमार सोसायटीत डिझेल आणि बर्फाच्या मागण्या साखळीवरून चालतात. सेक्रेटरी पावसेकाकांचा संगणक बसला होता. परेशने उघडला तर आत पाल.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चालू. बायकांच्या त्या आरडाओरड्यात पावसेकाका माझ्या कानाशी येऊन, "वैनी, ता पुण्याची कंपनी घेनार तुमचा काम, असा आयकला. खरा काय?"

हर्णेपर्यंत पोचलंसुद्धा! परेशकडे पाहिलं, तो बांगड्यांकडे बघत होता.

"अजून काही ठरलं नाही, काका."

"नाय, घेवंदे की. आमचा काय? आमचा चालतंय. पन उद्या बंद पडला तर पुण्यासून कोन येनार हितं? पाल काढूक?"

येताना बसमध्ये प. बांगड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मग म्हणाला, "माणूस चांगला आहे, पण बोचरं बोलतो." मी म्हटलं, बोचरं कुठे, खरंच बोलला. मग तोही हसला आणि पिशवीतून बांगड्यांचं पाणी माझ्या चपलेवर सांडलं.

५ फेब्रु., सोम.

यादीवर (म्हणजे ई-मेलच्या यादीवर, जिथे साखळी वापरणारे देशोदेशीचे लोक लिहितात) उलरिखचं पत्र. हा जर्मनीतला शाळामास्तर. शाळेच्या वाचनालयात साखळी लावली आहे आणि आमच्यापेक्षा जास्त शिस्तीने वापरतो. त्याला पुढच्या दोन वर्षांचा आराखडा हवाय. काय नवं येणार, कधी येणार, कोण करणार. नम्रपणे विचारलंय, पण विचारलंय.

त्याच्या पत्राखाली आणखी चार जणांनी हात वर केले. ब्राझीलच्या एकीला पोर्तुगीज हवी आहे. एकाला 'मानकरी' हा शब्द काढून टाकायचाय, त्याच्या तोंडात बसत नाही म्हणे.

मानकरी काढायचा नाही. शिमग्यात मानकऱ्याने हात लावल्याशिवाय पालखी उठत नाही, तसं आमच्यात प्रत्येक कामाला एक मानकरी. बाकीच्यांनी मतं द्यावी, शेवटचा शब्द त्याचा. शब्द परेशचा, कल्पना परेशची, गाभ्यातला, म्हणजे आतल्या मूळ यंत्रणेतला, तो भाग परेशचा. मी पडदे, म्हणजे स्क्रीनवर दिसणारं सगळं, मराठी आणि वाक्यं बघते. गाभ्यात मी हात घालत नाही. घातला होता एकदा, कारखान्यातल्या सगळ्या गाड्या कागदावर परत आल्या होत्या.

कंपनीबद्दल यादीवर अजून कोणाला काही सांगितलेलं नाही. मला ते बरं वाटत नाही. परेशलाही नाही. पण आधी कोणी सांगायचं?

१३ फेब्रु., मंगळ.

छान दिवस. कितीतरी दिवसांनी.

डबे मोजायचा फळा पुसून त्यावर आराखडा काढला, प.ने आणि मी. त्याच्या हातात खडू, माझ्या हातात फडकं. मोबाइलवरून मंजुरी देता आली पाहिजे. वीज गेली तर काम अर्ध्यातून परत सुरू झालं पाहिजे. (हे इथल्याशिवाय कोणाला सुचणार?) सरकारी कचेऱ्यांसाठी वेगळी मांडणी. गाभ्याचे तुकडे करायचे, म्हणजे दुसऱ्यालाही हात घालता येईल. हे शेवटचं परेशने लिहिलं आणि खडू खाली ठेवला.

"दुसऱ्याला म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे... कोणालाही, वहिनी. माणूस आज आहे, उद्या नाही."

"शुभ बोला!"

"पुण्यात असेल, असं म्हणायचं होतं मला."

दोघं हसलो. पण फळा पुसवेना. श्री. आला, डबे कुठे मोजू म्हणाला. म्हटलं, भिंतीवर मोज.

परेशसारखा माणूस पुण्यात गेला तर कुठच्या कुठे जाईल. इथे तो लोकांच्या प्रिंटरमधून झुरळं काढतो. ते मला दिसत नाही असं थोडंच आहे? जाऊ नका म्हणायचा मला काय अधिकार आहे? आणि जा म्हटलं तर साखळी त्याच्याबरोबर जाते. आजवरची राहील नावाला, पण गाभा सांभाळणारा नसेल तर वर्षभरात मरेल. हर्णेचं काय, उलरिखच्या शाळेचं काय, आणि खरं बोलायचं तर माझं काय.

२२ फेब्रु., गुरु.

शेवटी यादीवर सगळं सांगून टाकलं. आणि 'साखळीचं पुढे काय' हे एक काम म्हणून साखळीतच टाकलं. कल्पना प.ची, म्हणे आपणच बनवलेलं आपण वापरायला नको? मार्ग तीन: कंपनीला द्यायची, आपण चालवायची, किंवा बाहेरच्या कोणाकडे सोपवायची. मतं सगळ्यांनी द्यावी, शेवटचा शब्द मानकऱ्याचा.

मानकरी कोण?

"तुम्ही, वहिनी. सुरुवात तुमच्या कारखान्यात झाली."

"छे! गाभा तुमचा, नोकरी तुमची, तुम्हीच ठरवायचं."

"असं कसं? मोठ्या तुम्ही."

दोन वर्षांनी मोठी आहे. ते तो दरवेळी काढतो. शेवटी मीच पटकन परेशचं नाव घालून टाकलं आणि पडदा बंद केला. जिंकल्यासारखं वाटलं.

२८ फेब्रु., बुध.

उद्या शिमग्याला गावी, राजापूरकडे. कारखान्याला सुट्टीच, नाही दिली तरी माणसं जातातच. साखळीत माझ्या नावापुढे 'गावी' अशी खूण केली. माणूस गावी असला की त्याचं काम त्याच्या जागी नेमलेल्याकडे जातं. माझ्या जागी अर्थातच परेश.

पुरणाचं सामान घेतलं. सासूबाईंसाठी गुडघ्याचा पट्टा, शलाकाने निवडून दिला.

७ मार्च, बुध.

परत आलो. अब्रू गेली.

झालं असं. परेशही संगमेश्वरला गावी गेला होता. तोही शिस्तीचा, त्यानेही जाताना 'गावी' खूण केली. आणि त्याच्या जागी कोण नेमलेलं? मी! आता निर्णय मानकरी म्हणून गेला परेशकडे. परेश गावी, म्हणून माझ्याकडे. मी गावी, म्हणून परेशकडे. परेश गावी, म्हणून... पालखी नाचवावी तसा तो निर्णय आम्हा दोघांत सगळा शिमगा नाचत होता. आणि दर फेरीला यादीवरच्या प्रत्येक माणसाला एक ई-मेल: 'परेश यांनी हा निर्णय वहिनी यांच्याकडे आदरपूर्वक सोपवला आहे.' 'वहिनी यांनी हा निर्णय परेश यांच्याकडे आदरपूर्वक सोपवला आहे.'

'आदरपूर्वक' माझंच. वाक्यं मी बघते ना.

सर्व्हर परेशच्या दुकानात, दुकानाला कुलूप. वीज गेली की थांबायचं आणि आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. आयुष्यात पहिल्यांदा भारनियमनाचे उपकार वाटले. ब्राझीलच्या बाईची ई-मेलची पेटी भरून बंद पडली. तिघे यादी सोडून गेले. पावसेकाकांनी फोन केला, "वैनी, तुमच्यात काय मानापमान चाललाय काय?"

परेश दुकानात डोकं धरून बसला होता. मी गेले तर उठून खुर्ची दिली. "बसा वहिनी." "नको, तुम्ही बसा." मग दोघांनाही एकदम लक्षात आलं आणि दोघंही उभे राहून हसत सुटलो. शलाका चहा घेऊन आली. आम्हाला तसं बघून कप ठेवले आणि निघून गेली.

८ मार्च, गुरु.

उलरिखचं पत्र. मला आणि प.ला, यादीवर नाही. आधी विचारलंय, तुमची तब्येत बरी आहे ना. मग लिहिलंय की ही चूक त्याने दुरुस्त करून पाठवली आहे, दोन ओळींची होती. आणि खाली:

'पण मला एक कळत नाही. तुमच्या दोघांत ठरवतं कोण?'

सकाळपासून तेच डोक्यात. मी कधी ठरवलं होतं काही? सगळं परेशला विचारून. परेशने? सगळं मला विचारून. याला आम्ही एकविचाराने काम करणं म्हणत होतो.

परेशने उत्तर लिहिलं: 'वहिनी ठरवतात.' पाठवायच्या आधी मला दाखवायला आणलं. मी डोक्याला हात लावला.

१५ मार्च, गुरु.

कंपनीचा माणूस येऊन गेला. मला वाटलं होतं कोणी टाय लावलेला, चुरुचुरु बोलणारा येईल. आला तो साधा, पन्नाशीचा. आजोळ गुहागरकडचं. सोलकढी मागून प्यायला, कारखाना फिरून बघितला, पिकत घालायची खोली बघून लहानपणीचा वास आला म्हणाला. फळ्यावरचा आराखडा वाचत बराच वेळ उभा राहिला.

"बाई, हे इतकं सगळं तुम्ही दोघं कसं करणार?"

राग यायला हवा होता. आला नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. पगार, घर, परेशच्या हाताखाली माणसं. मलाही घरून काम देतील म्हणाला. 'वाक्यांचं.' तेवढं मात्र टोचलं.

कागद ठेवून गेला. खाली दोन जागा, एक परेशची, एक माझी. दहा एप्रिलपर्यंत विचार करा म्हणाला.

परेश त्याला स्टेशनवर सोडून आला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं. खरंच. मला दोन्ही चालेल." चेहरा असा की दोन्हींपैकी एकही चालत नाहीये.

२५ मार्च, रवि.

आज सांगितलं.

श्री.च्या गाडीतून चौघं आरे-वारेला. आंबा सुरू झाला की पुन्हा रविवार मिळायचा नाही, म्हणून. वरच्या वळणावर उतरलो, दोन्ही किनारे दिसतात तिथे. श्री. आणि शलाका पुढे वाळूत उतरले. श्री. तिला कलमांवरच्या तुडतुड्यांबद्दल, त्या किडीवरच्या फवारणीबद्दल सांगत होता; ती बिचारी ऐकत होती. आम्ही दोघं मागे, कठड्याशी.

परेश म्हणाला, "मग काय करायचं, वहिनी?"

तोंडाशी आलं होतं, 'तुम्ही सांगा.' गिळलं. म्हटलं, "परेशभाऊ, मी सही करणार नाही."

एकदा बोलले. मग थांबताच येईना. म्हटलं, तुमचं नुकसान होतंय हे मला दिसतंय. तुम्ही पुण्याला जा, दुसरी नोकरी घ्या, वाटेल ते करा, मी डबे भरभरून आमरस पाठवीन. पण साखळी झाकायला मी हात लावणार नाही. ती उघडी आहे म्हणून हर्णेला आहे, उघडी आहे म्हणून उलरिखने दोन ओळींत आपली अब्रू वाचवली. आणि ती माझी आहे. मला दुसरं काही नाही.

शेवटचं बोलायचं नव्हतं. बोलून गेले.

त्याने समुद्राकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, गेलं सगळं, इतक्या वर्षांचं. मग त्याने एवढा मोठा श्वास सोडला. "बरं झालं, वहिनी. मला नाही म्हणता येत नव्हतं त्यांना. कोणीतरी म्हणायला हवं होतं." आणि डोळे पुसले, उघडउघड. वारा फार आहे म्हणाला. वारा होताच.

खाली शलाका हात हलवून बोलावत होती. भेळ घेतली होती चौघांसाठी. परेश उतारावरून शाळकरी पोरासारखा धावत गेला. तिला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. ती हसली आणि त्याला भेळेचा द्रोण दिला.

१ एप्रिल, रवि.

हलकं वाटतंय. आठवडाभर प. रोज दुकान लवकर बंद करून येतोय. गाभ्याचे तुकडे पाडायला सुरुवात केली. एक तुकडा माझ्यापुढे ठेवला, "हा तुमचा. मोडला तर मोडला." मोडला. मग सांधला. काय सांगू किती आनंद झाला!

यादीसाठी निवेदन लिहायला घेतलंय. साखळी उघडीच राहणार. पुढच्या दोन वर्षांचा आराखडा असा असा. गाभा: परेश, रत्नागिरी. आज पाठवायचं नाही. एक एप्रिलला पाठवलं तर जगभर थट्टा समजतील, विशेषतः शिमग्याच्या प्रतापानंतर.

कंपनीला अजून कळवलेलं नाही. प. म्हणतो, दोन दिवसांत लिहितो. त्याला नाही लिहायला वेळ लागतो. लागू दे.

४ एप्रिल, बुध.

पहिली आंब्याची गाडी आली, श्री. तिकडे. दुपारी शलाका आली, एकटी. मला वाटलं, खांद्याचं बघायला. बसली. कोकम सरबत दिलं. तिने ग्लास हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"ताई, परेश फार खूश आहे. आई गेल्यापासून असा बघितला नव्हता."

म्हटलं, मलाही बरं वाटतंय.

"हं." मग हातातला ग्लास फिरवत, "मी एक सांगायला आलेय. सही करा म्हणून नाही हं आले. तुम्ही बरोबर केलंत असंच मला वाटतं. पण कुणाला तरी माहीत असावं."

लग्नाआधी आणि नंतरही काही दिवस ती पुण्यात एका मोठ्या इस्पितळात होती हे मला ठाऊक होतं. पक्षाघात झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवायची. तिच्या सासूबाई पडल्या म्हणून काही महिन्यांसाठी इथे आली ती राहिलीच. त्या गेल्यावर तिने हळूच तिथे पत्र टाकलं होतं. डिसेंबरात उत्तर आलं, जूनपासून या. परेशला सांगणार, तेवढ्यात त्याचं कंपनीचं पत्र आलं. तिला वाटलं, चला, न मागता मिळालं. आता मी कशाला मध्ये बोलू? त्याचं ठरलं की आपोआप होईलच.

"तुम्ही दोघं तीन महिने ठरवत होतात, ताई. वहिनी तुम्ही म्हणा, परेशभाऊ तुम्ही म्हणा. सगळ्या जगाला विचारलंत. त्या जर्मनीतल्या मास्तरलासुद्धा. मी चहा करत होते."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. साधं म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, मग बोललीस का नाहीस? आरे-वारेला होतीस की!"

"तुडतुडे ऐकत होते." हसली. मग डोळे भरून आले. मी उठून तिला जवळ घेतलं. किती बारीक झालीय ही. खांद्याला खांदा लागला तेव्हा कळलं.

परेशला मी सांगू का, विचारलं. नको म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तर तो उद्याच सही करून पुण्याला निघेल. मग आयुष्यभर तिथे प्रिंटरकडे बघून उसासे टाकेल. मीच सांगेन. त्याला एकट्याला." कधी, ते बोलली नाही. सरबत एका दमात प्यायली, ग्लास विसळून ठेवला आणि पेशंट आहे म्हणून गेली.

ती गेल्यापासून इथेच बसलेय. दिलं ते उत्तर चूक नव्हतं, आजही सहीला नाहीच म्हणेन. पण हिच्यासमोर पुन्हा म्हणता येईल का? दहा तारीख यायची आहे. कागद खणात आहे, मला वाटत होतं तो निकालात निघाला.

निवेदन तयार आहे. आज पाठवायचं होतं. 'गाभा: परेश, रत्नागिरी' या ओळीवर येऊन थांबलेय, आणि रत्नागिरी हा शब्द मला एकटीला लिहायचा अधिकार आहे का, तेच कळेनासं झालंय.